केळीला हवा वाफसा

कोकणात न्हाणीघराच्या मागे, सांडपाणी जिथे मुरतं तिथे, केळीचं एक बेट असतंच. त्याची कुणी खास निगा राखत नाही. तरी पूजेला खुंट, नैवेद्याला पान, भाजीला केळफूल आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा घड घराला मिळत राहतो. हे पाहत वाढलेला माणूस पुण्यात, नाशकात किंवा सोलापुरात घर बांधतो, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात हौसेनं केळ लावतो. जूनमध्ये लावलेला मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पील, जुलैत तरारतो, चार पानं सोडतो. ऑगस्टची झड लागली की खालची पानं पिवळी पडायला लागतात, नवं पान अडखळत उलगडतं आणि दसऱ्यापर्यंत झाडाची वाढ जागच्या जागी थांबते. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात. खत कमी पडलं, किंवा आपल्या मातीत केळ होत नाही.

हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात. काळी चिकण माती, चोपण, चुनखडीची जमीन, बांधकामाच्या राडारोड्याचा भराव, कोकणातला जांभा, यांतल्या प्रत्येकीत घरापुरती केळी घेता येतात. अट एकच, मुळांपाशी बारा महिने वाफसा राहिला पाहिजे. शेतकरी पेरणीआधी ज्याची वाट पाहतो तोच हा वाफसा. मातीत ओल आहे, पण पाणी साचलेलं नाही. कणांमधल्या मोकळ्या जागेत थोडं पाणी आहे आणि थोडी हवाही आहे. अशी माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि खाली टाकली की फुटतो. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या खोल ओलीवर निभावून नेते. केळीला ते जमत नाही. का जमत नाही, ते तिच्या मुळांकडे पाहिलं की कळतं.

मुळं उथळ, भूक मोठी

केळ झाडासारखी दिसते, पण तिच्यात लाकूड कुठेच नाही. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या बुडांची एकावर एक घट्ट बसलेली सोपटं असतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. या कंदातून ५ ते ८ मिलिमीटर जाडीची, दोरीसारखी मुळं निघतात. ती आडवी लांबवर पसरतात. खोल मात्र फारशी जात नाहीत. बहुतेक सगळी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच सापडतात. सोटमूळ नसतंच. टणक थर फोडायची ताकद या मुळांत नाही, त्यामुळे असा थर लागला की ती वळतात किंवा तिथेच थांबतात.

वर मात्र सगळा कारभार मोठा. रुंद पानांतून पाणी झपाट्यानं उडून जातं. ऐन उन्हाळ्यात वाढलेल्या केळीला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. एवढी तहान आणि एवढी उथळ मुळं, म्हणून वरच्या दोन फुटांत काय चाललं आहे त्यावर तिचं सगळं भवितव्य ठरतं.

या दोन फुटांत पाणी साचलं की काय होतं? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. हवेतून ऑक्सिजन ज्या वेगानं पसरतो, त्याच्या जेमतेम दहा हजाराव्या हिश्शानं तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की काही दिवसांतच मुळांची कोवळी टोकं गुदमरून मरतात. मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे केळ पाण्यात उभी असून तहानेनं सुकायला लागते. पानं मान टाकतात, घरच्यांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि आणखी दोन बादल्या ओतल्या जातात. परसातल्या केळी जास्त करून अशाच जातात.

शिवाय हे नुकसान लगेच दिसत नाही. केळफूल बाहेर पडतं, म्हणजे केळ निसवते, त्याच्या कितीतरी आठवडे आधी ते आत कंदाच्या शेंड्याशी तयार झालेलं असतं आणि घडाला किती फण्या येणार हेही तिथेच ठरून गेलेलं असतं. निसवल्यावर नवीन पान येत नाही. तेव्हा जी आठ-दहा निरोगी पानं झाडावर असतील त्यांच्याच जिवावर घड भरतो. ऑगस्टमध्ये गुदमरलेली केळ पुढच्या वर्षी पोचट घड देते, ते यामुळे.

लावण्याआधी माती ओळखा

रोप आणण्यापूर्वी घरच्या घरी चार चाचण्या करता येतात. त्यांना खर्च नाही.

पहिली निचऱ्याची. जिथे केळ लावायची तिथे दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. चार-पाच तासांत पाणी उतरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसत असेल, तर तिथे खड्ड्यात केळ लावू नये.

दुसरी टणकपणाची. पावसानंतर माती ओली असताना लोखंडी सळई हातानं दाबत आत घाला. ती जिथे अडते, तिथे केळीची मुळंही अडणार. नव्या घराभोवती हा थर अनेकदा सहा-आठ इंचांवरच लागतो, कारण बांधकामाच्या वेळी त्या जागेवरून ट्रक आणि मिक्सर फिरलेले असतात.

तिसरी चोपणपणाची. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. वाळलेल्या मातीचं सुपारीएवढं ढेकूळ अलगद तळाशी ठेवा आणि पेल्याला हात न लावता दुसऱ्या दिवसापर्यंत पाहत राहा. ढेकूळ विरघळून तळाशी चुरा पडला आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर काळजीचं कारण नाही. पण ढेकळाभोवती दुधाळ वलय उठलं, ते हळूहळू वर चढलं आणि सगळं पाणी गढूळ होऊन तसंच राहिलं, तर मातीत सोडियमचं प्रमाण जास्त आहे. सोडियममुळे चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि शेतातही हेच सुटे कण पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात. चोपण जमिनीत पाणी का मुरत नाही, ते या पेल्यात डोळ्यांनी दिसतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे चालत नाही, त्यातल्या क्षारांनी निकाल फसवा येतो.

चौथी चुनखडीची. कोरड्या मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफस ऐकू आली, बुडबुडे दिसले, तर चुना भरपूर आहे.

यानंतर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देऊन सामू आणि क्षारांचं प्रमाण काढून घेतलं तर उत्तमच. केळीला ६ ते ७.५ सामू मानवतो. ८.५ च्या वर गेला की चोपणपणाची शंका घ्यावी.

काळी माती: खड्डा नको, उंचवटा हवा

पठारावरच्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त गाठ पडते ती काळ्या मातीशी. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती सुपीक आहे, पाणी धरून ठेवते, पण तिच्यातले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. पावसाळ्यात फुगून पोकळ्या बंद होतात. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि भेगेत आलेली मुळं तुटतात. केळीला दोन्ही ऋतूंत मार बसतो.

अशा मातीत केळ लावण्याची सर्रास पद्धत म्हणजे तीन फुटांचा खड्डा खणायचा, त्यात बाहेरून आणलेली लाल माती आणि शेणखत भरायचं आणि रोप लावायचं. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. भोवतालच्या चिकण मातीतून पाणी बाहेर जात नाही, मात्र भुसभुशीत भरावात ते चहूकडून उतरतं. आपण केळ जणू पातेल्यात लावलेली असते. वाळू मिसळण्याचा उपायही फसतो. चिकण मातीचा गुण बदलायला खूप जास्त वाळू लागते. चार घमेली टाकून काहीच साधत नाही, उलट वाळल्यावर माती आणखी घट्ट बसू शकते.

म्हणून इथे खाली न जाता वर यायचं. चार-पाच फूट रुंद आणि एक ते दीड फूट उंच असा गादीवाफा किंवा गोल उंचवटा करायचा. जागा आधी पहारीनं किंवा कुदळीनं फूटभर मोकळी करावी. आजूबाजूची वरच्या थरातली माती ओढून घ्यावी, तीन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मिसळावं आणि उंचवटा रचावा. भोवती चर काढावा आणि त्या चराला उताराकडे वाट द्यावी. साचणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर उंचवट्याचा उपयोग निम्मा होतो.

हे काम कधी करायचं, यालाही महत्त्व आहे. ओल्याकच्च काळ्या मातीत कुदळ घातली की तिची घडण मोडते आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतात. मे महिन्याच्या शेवटी वळीव पडून गेल्यावर किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात वाफसा येतो, तेव्हा माती हलवावी. जळगावकडे जून-जुलैच्या लागवडीला मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराच्या लागवडीला कांदेबाग म्हणतात. भारी जमिनीत उंचवटा तयार नसेल तर मृगाची घाई करू नये, पाऊस सरल्यावर लावलेली केळ निदान पहिल्या झडीत गुदमरत नाही.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलचा पट्टा केळीसाठी प्रसिद्ध आहे, त्यामागे तापीकाठची खोल गाळाची जमीन आहे. तरीही तिथले कितीतरी बागायतदार आता गादीवाफे आणि ठिबक वापरतात. ज्यांची माती मुळातच केळीला अनुकूल, तेही मुळांना हवा मिळावी म्हणून वाफे उचलतात, तर आपल्या अंगणातल्या चिकण मातीला त्याची गरज किती असेल!

चोपण, चुनखडी आणि भराव

सांगली, सोलापूरकडच्या कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात अनेक ठिकाणी जमीन खारवट किंवा चोपण झाली आहे. दोन्हींचा उपाय वेगळा. वर पांढरे क्षार फुटत असतील आणि पेल्यातलं पाणी नितळ राहत असेल, तर ती जमीन खारवट. निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढता येतात. पाणी दुधाळ झालं असेल तर ती चोपण, तिला जिप्सम लागतं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हटवतो, पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर वाहून गेला पाहिजे. निचरा न करता जिप्सम टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जिप्सम किती टाकायचं ते माती परीक्षणावरून ठरवावं. चोपण नसलेल्या चिकण मातीत त्याचा फारसा लाभ नाही. केळीच्या आधी पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडला तर चोपण जमीन लवकर सुधारते. हे हिरवळीचं पीक अशा जमिनीत तग धरतं.

सांडपाण्याचा प्रश्न इथेच सुटतो. कोकणातली सवय पठारावर जशीच्या तशी का चालत नाही? कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. कोकणात जांभ्याची माती निचऱ्याची आणि पाऊस धुवाधार, त्यामुळे वर्षभर साठलेले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात. पठारावरच्या चिकण मातीत ते तिथेच राहतात आणि चांगली माती हळूहळू चोपण होते. म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी केळीला जरूर द्यावं; वॉशिंग मशीनचं पाणी देऊ नये.

चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही. कोवळं पान पिवळट-पांढरं निघतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस (फेरस सल्फेट) नुसती मातीत टाकली तर चुन्यापुढे ती लवकर निकामी होते. ती शेणखतात मुरवून द्यावी किंवा अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, या प्रमाणात पानांवर फवारावी. खरा टिकाऊ उपाय सेंद्रिय खताचाच, कारण ते कुजताना मुळांभोवतीचा सामू थोडा खाली आणतं.

राडारोड्याच्या भरावात सिमेंट, गिलावा, विटांचे तुकडे आणि दाबलेला मुरूम असतो. सिमेंट-चुन्याचे गठ्ठे वेचून काढावेत, मुरूम काढायची गरज नाही. मोकळा मुरूम पाण्याचा निचरा छान करतो, त्रास असतो तो त्याच्या दाबलेपणाचा. पहारीनं दोन फूट फोडून त्यावर वर सांगितलेला उंचवटा केला की काम होतं.

जांभ्याचं गणित उलटं

कोकण-गोव्यात अडचण पाणी साचण्याची नसून पाणी न टिकण्याची आहे. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मातीतलं पालाश आपल्याबरोबर घेऊन जातो. मग ऑक्टोबरपासून मेपर्यंत सगळं कोरडं. इथे मात्र दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन त्यात भरपूर पालापाचोळा, शेणखत आणि वरची माती भरणंच योग्य, कारण खड्डा ओल धरून ठेवतो आणि जास्तीचं पाणी जांभ्यातून निघून जातं. कातळावर माती वीतभरच असेल तर दगडांचा कठडा रचून आत माती भरावी.

खत थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा द्यावं, एकदम दिलेलं पहिल्या मुसळधार पावसात वाहून जातं. चुलीची राख इथे गुणकारी आहे. ती पालाश देते आणि मातीची आम्लता कमी करते. तीच राख चुनखडीच्या काळ्या मातीत टाकली तर आधीच जास्त असलेला सामू आणखी वाढवते. परसबागेचे सल्ले ऐकताना ते कुठल्या मातीवरून आले आहेत, हे म्हणूनच विचारलं पाहिजे.

रोप, जात आणि खुराक

मुनवा घ्यायचा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा आणि बुडाशी जाड. लहानपणीच रुंद पानं फुटलेले मुनवे दिसायला गोजिरे, पण त्यांचा मूळ कंदाशी संबंध कमजोर असतो. ज्या बेटात पानांवर पिवळे पट्टे दिसतात किंवा शेंड्याला पानांचा गुच्छ झालेला असतो, तिथून रोप घेऊ नये. पिवळ्या पट्ट्यांच्या रोगाला जळगावकडे हरण्या म्हणतात. तो मावा किडीमार्फत काकडीवर्गीय वेलांवरूनही येतो, म्हणून केळीच्या सावलीत भोपळा-काकडी लावण्याचा मोह टाळावा.

खाण्याच्या केळींचे पूर्वज दोन, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. बाल्बिसियानाचा वाटा जितका जास्त तितकी जात कोरडेपणाला आणि हलक्या जमिनीला काटक. भाजीसाठी लावतात ती जाड, कोनदार केळी या बाबतीत सर्वांत चिवट. वेलचीत दोन्ही पूर्वज निम्मे निम्मे आहेत, ती घरासाठी चांगली. बसराई आणि ग्रँड नैन पूर्णपणे अक्युमिनाटाच्या, घड मोठा पण खुराक आणि पाणी चोख हवं. अवघड मातीत पहिली केळ भाजीची किंवा वेलची लावावी, माती सुधारली की मग ग्रँड नैन.

महाराष्ट्रात एका झाडाला त्याच्या आयुष्यात सुमारे २०० ग्रॅम नत्र आणि तेवढंच पालाश लागतं असं धरतात. स्फुरद त्याच्या बरंच कमी. रासायनिक खतात मोजायचं तर साधारण ४३५ ग्रॅम युरिया आणि ३३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, दोन्ही पाच-सहा हप्त्यांत विभागून. खारवट जमिनीत म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं. म्हातारी पानं टोकांपासून नारिंगी-पिवळी पडून मधल्या शिरेत मोडत असतील तर पालाश कमी पडतं आहे असं समजावं. हे सगळं खत मुळांना वाफसा असेल तरच लागू पडतं.

केळच माती घडवते

वाफसा टिकवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आच्छादन. उसाचं पाचट, वाळलेली पानं, गवत, काहीही अर्धा फूट जाडीचं पसरावं, फक्त बुंध्यापासून वीतभर दूर. त्याखाली काळ्या मातीला भेगा पडत नाहीत, पाणी कमी लागतं आणि गांडुळं कामाला लागतात.

हे आच्छादन केळ स्वतःच पुरवते. आयुष्यात ती तीस-चाळीस पानं देते. घड उतरवल्यावर खुंट एकदम बुडापासून न तोडता कमरेइतका ठेवावा, त्यातला रस आणि अन्नद्रव्यं शेजारच्या पिलाला मिळतात. वरचा भाग उभा चिरून, तुकडे करून कंदापासून दूर पसरावा. खुंटात पाणी आणि पालाश दोन्ही भरपूर असतात. एका बेटात एक फळावर आलेली, एक अर्ध्या वाढीची आणि एक नुकतं डोकावणारं पील, इतकंच ठेवावं. बाकीचे मुनवे काढत राहावेत. दर पिढीचा कंद आधीच्यापेक्षा थोडा वर येतो, म्हणून दरवर्षी बुंध्याशी खत-माती चढवावी लागते. उंचवटा आपोआप मोठा होत जातो.

तीन पिढ्यांनंतर त्या जागेची माती पहिलीसारखी राहत नाही. कुजलेल्या मुळांच्या जागी वाटा तयार होतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली उतरतं. पाचटाखालची काळी माती हातानं उकरता येते. त्यामुळे पहिल्या घडावरून आपल्या अंगणाची परीक्षा करू नये. तो लहान आला तरी चालेल. त्याच केळीचं पान, सोपट आणि खुंट पुढच्या घडाची सोय करत असतात. चांगल्या मातीची वाट पाहत केळ लावायची राहून जाते, आणि केळ न लावल्यामुळे माती चांगली व्हायची राहते. येत्या वळवानंतर एक उंचवटा करा, त्याभोवती चर काढा, वर एक काटक मुनवा लावा आणि मुठीत माती दाबून वाफसा पाहत राहा. एवढं सांभाळलं तर दुसऱ्या-तिसऱ्या घडाला फण्यांची संख्या वाढलेली दिसेल.